माझे दहा पॉइंट आठ

मार्च २०१६ मध्ये, राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहात, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात रक्तदान शिबिर भरले होते. रांगेत माझा नंबर आला तेव्हा तंत्रज्ञ मुलीने माझ्या अनामिकेला सुई टोचली, बारीक नळीत रक्त घेतले आणि त्याचा एक थेंब समोरच्या निळ्या द्रावणात सोडला. हे मोरचुदाचे द्रावण असते. रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन असेल तर थेंब पाहता पाहता तळाला जातो. माझ्या आधीच्या ऑपरेटरचा थेंब दगड टाकावा तसा गेला होता. माझा थेंब बोटाच्या पेराएवढा खाली उतरला, तिथे थबकला आणि सावकाश वर येऊन तरंगत राहिला. "ताई, रक्तदानाला साडेबारा हिमोग्लोबिन लागतं. लोहाच्या गोळ्या घ्या आणि पुढच्या वर्षी या," असे ती मुलगी अगदी आपुलकीने म्हणाली. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते आणि हे वाक्य चौदाव्या वर्षापासून ऐकत आले होते.

चौदाव्या वर्षी शाळेतल्या तपासणीत माझे हिमोग्लोबिन पहिल्यांदा कमी निघाले. त्यानंतर घरात लोखंडी कढई आली, खजूर आला, गूळ-शेंगदाणे आले, बीटाची कोशिंबीर आठवड्यातून चारदा होऊ लागली आणि वडील दर महिन्याला मेनरोडवरच्या औषधाच्या दुकानातून लोहाच्या टॉनिकची बाटली आणू लागले. टॉनिकने दात काळे पडत, पोट साफ होत नसे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासले की आकडा होता तिथेच असे. साडेदहा, दहा पॉइंट सात, दहा पॉइंट चार. एका डॉक्टरांनी आईसमोर मला विचारले होते, "खरं सांग, गोळ्या खिडकीतून बाहेर टाकतेस ना?" मी एकही गोळी टाकली नव्हती. ते मला इतके लागले की पुढे कित्येक वर्षे मी गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवत असे, पुरावा म्हणून.

थकव्याविषयी मात्र कोणी विचारत नसे, आणि मलाही तो सांगता येत नसे. पॉलिटेक्निकला असताना वर्कशॉपमध्ये तीन तास उभे राहिल्यावर मैत्रिणी चहाला पळत आणि मी बाकावर बसून राही. मला झोप येत नसे. झोप आणि थकवा यांतला फरक मला फार लवकर कळला. झोपेत डोळे जड होतात. या थकव्यात डोळे टक्क उघडे असतात, डोके चालत असते, पण पोटऱ्या भरून येतात, दंडातली शक्ती गळून जाते, आणि डोक्यावरून केस बांधायला हात वर धरणेसुद्धा मध्येच थांबवावे लागते. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर छातीचे ठोके कानात ऐकू येतात. थोडे बसले की बरे वाटते, म्हणून लोकांना वाटते की काही नव्हतेच. माझी अशी ख्याती झाली होती की ही मुलगी हुशार आहे पण हिच्यात दम नाही. बाळंतपणात, २००७ साली, हिमोग्लोबिन ८.६ पर्यंत उतरले होते आणि मला लोहाची इंजेक्शने दिली गेली. २०११ साली दुसऱ्या वेळीही तेच झाले. दोन्ही वेळा माझ्या रक्तपेशींची गणना कागदावर छापून आली होती, दोन्ही वेळा ती डॉक्टरांनी पाहिली होती, आणि दोन्ही वेळा कोणीही पुढची तपासणी सांगितली नाही. या गोष्टीचा राग मला पुढे आला आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही, कारण त्या काळात ही तपासणी करून घेण्याला जे महत्त्व होते ते नंतर राहत नाही. त्याविषयी पुढे लिहीत आहे.

शिबिरातला तो तरंगणारा थेंब डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून त्या आठवड्यात मी सिडकोत घराजवळच्या एका लहानशा प्रयोगशाळेत जाऊन संपूर्ण रक्तगणना करून घेतली. संध्याकाळी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंचा स्वतः फोन आला. त्या म्हणाल्या, "तुमच्या रक्तात लोहाची कमतरता दिसते असं मला वाटत नाही. तुमच्या पेशी लहान आहेत, पण संख्येने जास्त आहेत. उद्या या, मी दाखवते." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून माझेच रक्त दाखवले. फिकट गुलाबी, लहान-मोठ्या चकत्या, आणि काहींच्या मध्यभागी नेमबाजीच्या फळीवर असतो तसा गडद ठिपका. मी कारखान्यात क्वालिटी विभागात आहे; दिवसभर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि प्रोफाइल प्रोजेक्टर यांच्याशी माझा संबंध येतो. त्यामुळे त्यांनी जे आकडे पुढे ठेवले ते मला शब्दांपेक्षा लवकर समजले. हिमोग्लोबिन १०.८. तांबड्या पेशी ५४ लाख, म्हणजे कमी नाहीतच, उलट भरपूर. पेशीचे सरासरी आकारमान, ज्याला एमसीव्ही म्हणतात, ते ६४. ते साधारण ८० ते १०० असायला हवे. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात आणि सहसा संख्येनेही घटतात. इथे पेशी लहान होत्या आणि संख्या चढलेली होती. एमसीव्हीला दशलक्षातल्या पेशीसंख्येने भागायचे, उत्तर तेराच्या खाली आले तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकाचा संशय घ्यायचा, असा एक साधा भागाकार आहे आणि तो १९७३ पासून वैद्यकात माहीत आहे. ६४ भागिले ५.४ म्हणजे बाराच्याही थोडे खाली. हा भागाकार पक्के निदान करत नाही, पुढे बघायला सांगतो इतकेच. चौदा वर्षांच्या मुलीच्या कागदावरही तो करता आला असता, हे मात्र त्या क्षणी मनात आल्यावाचून राहिले नाही.

त्यानंतर फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी झाली. ते ४८ निघाले, म्हणजे साठा व्यवस्थित होता. मग एचपीएलसी नावाची तपासणी झाली, जिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. एचबी ए-टू हा प्रकार निरोगी माणसात साडेतीन टक्क्यांच्या आत असतो. माझ्यात तो ५.२ टक्के होता. निदान असे लिहून आले: बीटा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक.

मला जे समजले ते असे. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळी कशी बनवायची याची सूचना अकराव्या गुणसूत्रावर असते आणि आपल्याकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. माझी एक प्रत सदोष आहे. त्यामुळे बीटा साखळ्या कमी पडतात, प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन कमी भरते, पेशी लहान राहते, आणि शरीर ती तूट भरून काढायला पेशींची संख्या वाढवते. दोन्ही प्रती सदोष असतील तर तो थॅलेसेमिया मेजर. त्या मुलांना वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्या रक्तातून साचणारे लोह काढायला रोज औषध घ्यावे लागते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मेजरची शक्यता २५ टक्के असते. चार मुलांत एकाला होणार असा त्याचा अर्थ नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

माझी दोन्ही मुले तेव्हा नऊ आणि पाच वर्षांची होती आणि धडधाकट होती. तरीही पतींची तपासणी होऊन अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस मी नीट जेवले नाही. त्यांचे एचबी ए-टू २.६ निघाले, म्हणजे ते वाहक नाहीत. आमच्या मुलांना मेजर होण्याचा धोका कधीच नव्हता. पण हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि ज्या डॉक्टरांनी दोनदा माझे बाळंतपण केले त्यांनाही ठाऊक नव्हते. नुसत्या नशिबावर आम्ही दोन वेळा पार पडलो. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच आईची ही तपासणी झाली आणि ती वाहक निघाली तर लगेच वडिलांची होते, आणि दोघेही वाहक निघाले तर दहा ते बारा आठवड्यांत वारेचा अंश घेऊन गर्भाचे निदान करता येते. राग या गोष्टीचा आहे. मुलांची तपासणी केली तेव्हा मुलगा वाहक नाही आणि मुलगी वाहक आहे असे निघाले.

मग माहेरी गेले. आई तेव्हा बासष्ट वर्षांची होती. पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरी ती दुपारी जेवणानंतर तासभर आडवी व्हायची, म्हणून आजी आणि आत्या तिला आयुष्यभर बोलत आल्या होत्या. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढताना ती दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी कठड्याला टेकायची आणि आम्ही मुले वरून हाका मारायचो. तिचे एचबी ए-टू ५.५ निघाले. अहवाल मी तिला वाचून दाखवला, साखळ्या समजावल्या, ही गोष्ट माझ्यात तुझ्याकडून आली हेही सांगितले. मला वाटले होते की आत्याच्या बोलण्याचा विषय निघेल. तो निघाला नाही. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुझ्या बाबांनी एवढ्या बाटल्या आणल्या गं. त्या उपयोगाच्या नव्हत्या, पण दर महिन्याला न चुकता आणल्या." बाबा २०१२ सालीच गेले होते. तिने तो कागद घडी करून देवघराखालच्या पत्र्याच्या पेटीत, त्यांच्या पेन्शनच्या कागदांत ठेवला.

आत्याचा विषय निघाला तो धाकट्या भावाच्या लग्नात. त्याचीही तपासणी करून घेतली होती आणि तोही वाहक निघाला होता. आत्याचे म्हणणे होते की हे घराबाहेर जाता कामा नये, आपल्यात असले काही नसते, हे दुसऱ्या समाजांत असते, आणि उद्या तुझ्या मुलीच्या लग्नातही अडचण येईल. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त प्रमाणात आढळतात हे खरे आहे, पण ते सगळीकडे आढळतात. भावाने ऐकले नाही. स्थळ सांगून आले तेव्हा तो मुलीला गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात भेटला आणि पहिल्याच भेटीत त्याने सांगितले की मी वाहक आहे, मला यात काही आजार नाही, पण तुमची तपासणी झाली पाहिजे. तिने ती करून घेतली, ती वाहक नव्हती, आणि लग्न झाले. दोघेही वाहक असते तरी लग्न मोडायलाच हवे होते असे नाही. गर्भाच्या तपासणीचा मार्ग असतोच. एवढी साधी गोष्ट सांगायला घरात तीन महिने वाद झाला.

इथपर्यंत जे लिहिले ते निदानाविषयी. माझा मूळ प्रश्न थकव्याचा होता आणि तिथे मला एक विचित्र उत्तर मिळाले. ज्या मोठ्या डॉक्टरांकडे मी अहवाल घेऊन गेले त्यांनी दोन मिनिटांत फाईल बंद केली. "तुम्ही फक्त वाहक आहात. वाहकांना काही त्रास नसतो. लोहाच्या गोळ्या बंद करा आणि विसरून जा." मी म्हणाले की मला थकवा येतो. ते म्हणाले की तो याच्यामुळे नाही. मग कशामुळे, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. बाहेर येऊन मी रिक्षात बसले तेव्हा मला सुटल्यासारखेही वाटले आणि हिरमुसल्यासारखेही.

ते पूर्ण चूक होते असे मी म्हणणार नाही. बहुतेक वाहक कोणत्याही तक्रारीशिवाय जगतात, माझा भाऊ त्यांतलाच आहे. तो सायकलवरून त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो. पण हिमोग्लोबिन जन्मभर दहा-अकराच्या दरम्यान असणाऱ्या बाईला जिना चढताना धाप लागते हे समजायला फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. लोहाच्या गोळ्यांविषयी त्यांनी सांगितले ते मात्र अगदी योग्य होते. जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे फारशी नसते, त्यामुळे साठा भरलेला असताना वर्षानुवर्षे गोळ्या घेणे बरे नाही. मी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या आणि इतका निश्चय केला की पुन्हा आयुष्यात लोहाला हात लावायचा नाही. पुढची चूक या निश्चयातून झाली, आणि ती माझी स्वतःची होती.

२०२२ च्या पावसाळ्यात थकवा वाढू लागला. सकाळी सातच्या शिफ्टला बस पकडायला कोपऱ्यापर्यंत चालत जायचे, ते अंतर लांब वाटू लागले. मापन कक्षात उभे राहून जॉब, म्हणजे यंत्रावरून आलेले भाग, तपासताना मी दर अर्ध्या तासाने स्टूल ओढू लागले. केस गळू लागले, नखे चमच्यासारखी आत वळली, बर्फ खावासा वाटू लागला. पाळीच्या वेळी रक्तस्राव पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जात होता. हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि या सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर तयार होते: मला मायनर आहे, माझे असेच असायचे. सासूबाईंनी दोनदा सांगितले, "अगं, एकदा दाखवून ये." मी त्यांना साखळ्या समजावून सांगितल्या.

आमच्या घरापासून पांडवलेणी जवळ आहेत. निदान झाल्यापासून मी दर रविवारी सकाळी त्या पायऱ्या चढत असे, एका अर्थाने स्वतःची परीक्षा घेण्यासाठी. मध्ये एकदा थांबून मी वर पोहोचत असे, तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दहा मिनिटे बसत असे आणि उतरत असे. त्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजाच्या आईने कोरवून घेतलेल्या अक्षरांखाली बसून मी माझ्या आईकडून आलेल्या रक्ताचा विचार पुष्कळदा केला आहे. त्या सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी वर पोहोचेपर्यंत सात वेळा थांबले. सातव्या वेळी पायरीवर बसले तेव्हा पायांत कंप होता आणि ओठ कोरडे पडले होते. तिथे बसून मी जे केले ते मला सहा महिने आधी करायला हवे होते. मी स्वतःला विचारले की मला मायनर तर जन्मापासून आहे. मग गेल्या वर्षी एकदा थांबत होते आणि आज सात वेळा, ते कसे?

हा प्रश्न मला कामावर रोज पडतो. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडे एकमेकांना टेकवून रॅचेट फिरवल्यावर शून्याची रेघ शून्यावर यायला हवी. कधी कधी ती येत नाही, दोन शतांश मिलिमीटर पुढे असते. याला आम्ही झिरो एरर म्हणतो. असे उपकरण भंगारात जात नाही. त्याच्या डबीवर चिठ्ठी लावायची, 'अधिक ०.०२', आणि प्रत्येक मापातून तेवढे वजा करायचे. पण उद्या त्याच मायक्रोमीटरवर जॉब दहा शतांशाने वेगळा दिसू लागला आणि कोणी म्हणाले की याला झिरो एरर आहेच, सोडून द्या, तर मी त्या माणसाला मापन कक्षात उभे करणार नाही. ज्ञात त्रुटी तेवढीच वजा करता येते. वरचा फरक जॉबचा असतो. मायनर ही माझी झिरो एरर आहे. तिने माझे दहा पॉइंट आठ समजते. दहा पॉइंट आठच्या खाली जे काही घडते त्याचे कारण वेगळे शोधायला लागते.

सोमवारी रक्त दिले. हिमोग्लोबिन ८.८, पेशी ४७ लाख, एमसीव्ही ६०, फेरिटिन ६. बी-ट्वेल्व्हही बरेच कमी होते. आम्ही घरात शाकाहारी आहोत. थायरॉइड ठीक होते. या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, आणि त्यांनी अर्धा तास दिला. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली, तिच्यामुळे अतिस्राव होत होता आणि लोहाचा साठा आटला होता. वाहकाला लोहाची कमतरता कधीच होत नाही हा समज किती घातक आहे हे त्यांनी मला समजावले. उलट लोह फार कमी असताना एचबी ए-टूचा आकडाही खाली येऊ शकतो आणि वाहक असूनही अहवाल बरोबर दिसू शकतो, म्हणून ती तपासणी लोह भरून आल्यावर पुन्हा करावी लागते. मला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या ठरावीक मुदतीसाठी. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने झाली, फॉलिक ॲसिड सुरू झाले, गाठीवर उपचार झाले. वर्षानुवर्षे ज्या गोळीने काहीच केले नव्हते तिने या वेळी चार महिन्यांत मला पायांवर उभे केले. हिमोग्लोबिन १०.७ वर आले आणि तिथे थांबले. डॉक्टर म्हणाले, "हे तुमचं घर. याच्या वर ओढायचं नाही आणि याच्या खाली राहू द्यायचं नाही."

थकवा गेला का, असे मला विचारतात. सात वेळा थांबायला लावणारा गेला, एकदा थांबायला लावणारा आहे. त्याच्याबरोबर राहण्याची माझी एक पद्धत आता बसली आहे, आणि ती शूरपणाची नाही. मी दिवसातली जड कामे एकामागोमाग एक करत नाही. सकाळी शिफ्टच्या आधी फक्त डबा होतो, झाडलोट होत नाही. घरी आल्यावर मी वीस मिनिटे पाय भिंतीला टेकवून पडते आणि मगच स्वयंपाकघरात जाते. पूर्वी हे मी लपून करत असे, आता दार उघडे ठेवून करते. पोळ्या स्टुलावर बसून लाटते. बाजार एका खेपेत आणत नाही. रात्री दहानंतर जागत नाही, कारण एका रात्रीचे जागरण मला दोन दिवस पुरते. चालणे मात्र सोडले नाही, कारण पडून राहिल्याने हा थकवा कमी होत नाही, वाढतो. कारखान्यात मी वरिष्ठांना कागद दाखवून सांगितले, आणि मापन कक्षात उंच बसायचे स्टूल कायमचे आले. ते मागायला मला वीस वर्षे लागली याचे आता वाईट वाटते.

आमच्याच विभागात सुरगाणा तालुक्यातली एक मुलगी आहे. तिच्या गावात सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली तेव्हा ती सिकलसेलची वाहक निघाली. नाशिकच्या आदिवासी तालुक्यांत हा प्रश्न जुना आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासणीची चर्चा गावोगाव पोहोचली आहे. जेवणाच्या सुटीत आम्ही दोघी बोललो. सिकलसेलसाठी आधी जी विद्राव्यता चाचणी करतात तिच्यात माझ्यासारखा थॅलेसेमियाचा वाहक दिसत नाही, आणि एक जोडीदार सिकलसेलचा व दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तर मुलाला दोन्हींचा मिळून गंभीर आजार होऊ शकतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. लग्न ठरवताना समोरच्याचा अहवाल नुसता 'सिकलसेल नाही' एवढ्यावर घेऊ नकोस, एचपीएलसीचा कागद माग, असे मी तिला सांगितले. तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतले.

माझ्या पर्समध्ये आता एक कार्ड असते. पुठ्ठ्यावर मी स्वतः लिहिले आणि वर प्लास्टिक चढवून घेतले. त्यावर असे लिहिले आहे: 'बीटा थॅलेसेमिया मायनर. नेहमीचे हिमोग्लोबिन १०.५ ते १०.९. नेहमीचे एमसीव्ही ६४. फेरिटिन पाहिल्याशिवाय लोह देऊ नये. फेरिटिन कमी असल्यास लोह अवश्य द्यावे.' शेवटची ओळ २०२२ नंतर वाढवली.

तसेच एक कार्ड मुलीला करून दिले आहे. ती आता अठरा वर्षांची आहे, पुण्याला शिकायला आहे आणि वसतिगृहात राहते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिथल्या आरोग्य तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आले आणि सगळ्या मुलींबरोबर तिलाही लोहाच्या गोळ्यांचे पाकीट मिळाले. "आई, घेऊ की नको? आपल्याला तर मायनर आहे ना." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "थांब, कार्डावर आधी फेरिटिन लिहिलंय." दुसऱ्या दिवशी तिने तपासणी करून घेतली. फेरिटिन ९ निघाले. डॉक्टरांना कार्ड दाखवून तिने गोळ्या सुरू केल्या. तिच्या कार्डावर नेहमीच्या हिमोग्लोबिनपुढची जागा मी कोरी सोडली आहे, कारण नऊ वर्षांची असतानाचा आकडा आता चालणार नाही आणि लोह कमी असतानाचाही चालणार नाही. दिवाळीच्या सुटीत ती घरी आली की त्या पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे दोघी जाऊ, आणि येईल तो आकडा तिथे लिहू.